शमीमचा उजवा हात

ती काठी घरी आली तेव्हा आईनं पहिल्यांदा तिच्यानं छताची जळमटं काढली. काठी होतीच तशी सोयीची. माझ्या काखेपर्यंत उंच, अंगठ्यापेक्षा जरा जाड, धावड्याच्या लाकडाची, तेल पिऊन पिऊन गुळासारखी झालेली. आईनं तिच्या टोकाला जुनं फडकं बांधलं आणि स्वयंपाकघराचे चारी कोपरे साफ केले. मी शाळेतून आले तर काठी मोरीत धुऊन उभी करून ठेवलेली. मला रडूच यायचं बाकी होतं. "अगं, लाकूडच आहे ना ते," आई म्हणाली. मी म्हटलं, नुसतं लाकूड नाही, जपानी काठी आहे, हिचं नाव जो. "जो? कोण जो?" आईला वाटलं मी हिंदीतलं काहीतरी अर्धवट वाक्य बोलते आहे. मग नीट सांगितल्यावर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणजे सकाळी सकाळी उठून तुम्ही पोरी तिथं जो-जो करायला जाता होय. त्यानंतर कितीतरी दिवस मी क्लासहून आले की बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारायचे, "झालं का जो-जो?"

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. साताऱ्याकडून त्यांची बदली झाली तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळे मला गाव म्हणून आठवतं ते उज्जैनच. स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये आमच्या दोन खोल्या आणि पुढे जाळीचा व्हरांडा होता. दिवसभर डबे एकमेकांवर आदळण्याचा आवाज यायचा, आणि सकाळी मिलचा भोंगा झाला की आई दूध वर ठेवायची. आईची मराठी हळूहळू इथल्यासारखी होत चालली होती. "जल्दी आटप", "सब्जी निवडून ठेव", "दरवाजा लाव गं, कुत्ता आत येतो" असं ती सहज बोलायची, आणि साताऱ्याहून मामा आला की त्याच्यासमोर जपून, निवडून शब्द काढायची. फक्त पोह्यांच्या बाबतीत तिनं उज्जैनला कधी मान्यता दिली नाही. वाफेवरचे, बडीशेप घातलेले, वरून शेव भुरभुरलेले इथले पोहे तिला पोह्यांचा अपमान वाटायचे. मी आणि शमीम क्लास सुटला की देवास गेटच्या कोपऱ्यावर तेच पोहे जिलेबीबरोबर खायचो, आणि घरी येऊन मी पुन्हा आईचे ओल्या नारळाचे पोहे खायचे, कुठं काही खाल्लं नाही अशा चेहऱ्यानं.

क्लास दिघे सरांचा. देवास गेटजवळच्या एका धर्मशाळेच्या मागच्या अंगणात, सकाळी सहाला. दिघ्यांचं घर उज्जैनातलं जुनं मराठी घर. त्यांचे खापरपणजोबा सरदारांच्या दफ्तरात कारकुनीला होते आणि त्यानंतर घरातले सगळे पुरुष कुठल्या ना कुठल्या कचेरीतच बसले. सर तेवढे अठराव्या वर्षी पळून मुंबईला गेले आणि मालवाहू जहाजावर फिटर झाले. एकदा जपानच्या एका बंदरात त्यांच्या जहाजाचं इंजिन बिघडलं आणि सात-आठ महिने तिथंच अडकून पडावं लागलं. गोदीचा एक म्हातारा पहारेकरी रोज सकाळी कामावरून सुटला की एकटाच काठी फिरवत असायचा. सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. भाषा येत नव्हती. म्हाताऱ्यानं पहिले पंधरा दिवस त्यांना नुसतं अंगण झाडायला लावलं आणि सोळाव्या दिवशी हातात काठी दिली. पुढे दरवेळी जहाज त्या बाजूला गेलं की सर त्याच्याकडे जायचे, तो मरेपर्यंत. हे सगळं सरांनी आम्हाला एका दमात कधी सांगितलं नाही. थंडीत अंगण ओलं असलं आणि सराव करता आला नाही, की चहाबरोबर एखादा तुकडा मिळायचा.

"इस लकड़ी में मूठ नहीं है," ते सगळ्यांना सांगायचे. दोन्ही टोकं सारखी, कुठूनही धरा. दोन्ही हातांतून ती घसरत आली पाहिजे, कधी आखूड व्हायची, कधी लांब. समोरच्याकडे तलवार आहे आणि आपल्याकडे ही चार फुटांची काठी. त्याला मारायचं नाही, थांबवायचं. तो डोक्यावर वार घालतो, आपण तिरकं पाऊल टाकून बाजूला होतो आणि काठी वरून त्याच्या मनगटावर येते. येते आणि थांबते. मनगट आणि काठी यांच्यात एका बोटाचं अंतर राहिलं पाहिजे. सर खरोखरच तिथं बोट घालून बघायचे. बोट दाबलं गेलं तर म्हणायचे, फिर से. बोटाच्या दोन्ही बाजूंनी उजेड दिसला तरी फिर से.

शमीम माझ्याच वर्गात होती, भैरवगढची. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या कापडावर छपाईचं काम. तिचे अब्बा रोज सकाळी सायकलवर कापडाचा गठ्ठा बांधून देवास गेटच्या दुकानात पोचवायला यायचे आणि गठ्ठ्यावर शमीम बसलेली असायची, एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात काठी आडवी धरून. रस्त्यातली माणसं बाजूला व्हायची ती अब्बांच्या घंटीपेक्षा त्या काठीला भिऊन. तिच्या नखांत कायम निळा किंवा तांबडा रंग असायचा आणि केसांना मेणाचा वास. गरम मेणात कलम बुडवून कापडावर रेघ काढायचं काम घरात तिच्याकडे होतं. मेण थंड व्हायच्या आत रेघ संपली पाहिजे आणि कुठं गाठ पडता कामा नये. मी एकदा त्यांच्या घरी बसून बघितलं होतं. तिच्या आजोबांनी खाटेवरून मला सांगितलं, "पूरी गली में ऐसा हाथ नहीं है, बेटा. मेरा भी नहीं था." शमीमनं मान वर केली नाही. ती एका वेलीच्या अर्ध्यावर होती.

सरांनी आमची जोडी लावली. शमीमकडे लाकडी तलवार, माझ्याकडे काठी. सात-आठ महिने असंच चाललं. ती वार घालायची, मी तिला थांबवायचे, ती हरून मागे सरकायची, मी काठी रोखून पुढे. मला वाटायचं मी शमीमपेक्षा बरी आहे, म्हणून सर मला जिंकायला देतात. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण असंच वाटायचं. घरी मी बाबांना तेच सांगितलं होतं, म्हणून एका रविवारी बाबा बघायला आले. धुतलेला शर्ट घालून पायरीवर बसले. आमची जोडी झाली, टाळ्या झाल्या आणि बाबा सरांना म्हणाले, "आमची मंजू नेहमीच जिंकते म्हणे." सर हसले. वाईट हेतूनं नव्हे. "साहेब, जिंकायचं काम सोपं असतं. ज्याला जास्त येतं त्याच्या हातात आम्ही तलवार देतो. तो समोरच्याला शिकवत असतो. शमीम हिच्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे." बाबा म्हणाले, "अस्सं." क्वार्टरच्या फाटकाशी आल्यावर स्वतःशीच म्हणाले, "तरीच."

एवढा एकच शब्द. बाबांच्या मनात त्यात काही नसेलही, आणि पुढे ते विसरूनही गेले. मी ती दुपार आणि दुसरा अख्खा दिवस तो शब्द चघळत होते. मला सगळं आठवायला लागलं. मी पाऊल उशिरा टाकलं की शमीमची तलवार जरा हळू यायची ते, मी चुकीच्या बाजूला वळले तर ती पुन्हा पहिल्या जागी जाऊन उभी राहायची ते. ती मला इतके महिने सांभाळून घेत होती आणि पोहे खाताना त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. खरं तर मला तिचे उपकार वाटायला हवे होते. मला राग आला.

मंगळवारी सकाळी धुकं होतं. बसस्टँडवरून कंडक्टरांच्या "देवास-इंदौर, देवास-इंदौर" अशा हाका येत होत्या. सर पलीकडे दुसऱ्या जोडीला काही दाखवत होते. शमीमनं तलवार उचलली, माझ्याकडे बघून मान हलवली, तयार आहेस ना म्हणून. ती पुढे आली. मी पाऊल टाकलं, अगदी जसं टाकायला हवं तसं, त्या दिवशी माझं पाऊल कधी नव्हे इतकं बरोबर पडलं, आणि काठी खाली आणताना मी हात थांबवले नाहीत. थांबवता येत नव्हते असं नाही. मी ते थांबवले नाहीत. तलवार फरशीवर पडली आणि शमीम उजवं मनगट पोटाशी धरून खाली बसली. ओरडली नाही. सर धावत आले. "क्या हुआ?" शमीम म्हणाली, "कुछ नहीं सर. मेरा हाथ देर से हटा. हल्का सा लगा है." सरांनी तिची बोटं हलवून बघितली. ती हलली. सूजही फारशी नव्हती. "हड्डी का फोटो निकलवा लें?" सरांनी विचारलं. ती नको म्हणाली. मग सर माझ्याकडे बघायला लागले. बराच वेळ बघत होते. मी काठीच्या टोकाकडे बघत उभी होते. मला एवढंच म्हणायचं होतं की मी जोरात मारलं. तीन शब्द. अंगणात सगळे गप्प होते, कुणी घाई करत नव्हतं, वेळ भरपूर होता. मी काही बोलले नाही.

हलकंसं लागलंय असं शमीमनं घरीही सांगितलं, म्हणून घरच्यांनी ती मोच, म्हणजे नुसतं मुरगळणं, धरली. गल्लीतल्या एका पहिलवानानं गरम तेलानं चोळून दिलं, पट्टी बांधली. आठवड्यानं पट्टी सुटली तरी ती शाळेत डाव्या हातानंच वही उघडायची. मी विचारलं, दुखतं का? "थोड़ा. ठीक हो जाएगा." आई मला सारखी म्हणायची, शमीमला घरी बोलाव, तिला साबुदाण्याची खिचडी आवडते. एकदा ती आली. आईनं तिच्या मनगटाला हळद-तुरटीचा लेप लावला आणि म्हणाली, "किती नाजूक हात आहे पोरीचा, आणि कसले खेळ खेळता तुम्ही." शमीमनं खिचडी डाव्या हातानं खाल्ली. वाटी सांडू नये म्हणून मी ती धरून बसले होते. आईला वाटलं, काय जीव आहे माझ्या मुलीचा मैत्रिणीवर. तिनं तसं बाबांना सांगितलंही.

होळी गेली, परीक्षा तोंडावर आली, तरी हात बरा झाला नाही. चिमटीत काही धरलं की अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची आणि धरलेलं सुटायचं. कलम दोनदा तयार कापडावर पडली, मेण सांडलं, कापड वाया गेलं. तेव्हा अब्बा तिला इंदूरला एका हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आल्यावर शमीम शाळेत आली नाही, पण सायकल घेऊन अब्बा क्लासवर आले आणि सरांना सांगत असताना मी ऐकलं. अंगठ्याखाली एक लहानसं हाड असतं, ते तेव्हाच तुटलं होतं. सूज फार येत नाही, बोटंही हलतात, म्हणून पुष्कळदा कळत नाही. लगेच फोटो काढून प्लास्टर घातलं असतं तर जुळलं असतं. चोळल्यानं आणखी सरकलं. आता त्याचा एक तुकडा मेल्यासारखा झाला आहे. "डॉक्टर पूछ रहे थे कि इतनी ज़ोर की चोट थी तो पहले क्यों नहीं लाए," अब्बा म्हणाले. "मैंने कहा साहब, बच्ची ने तो हल्की बताई थी." त्यांनी कुणाला दोष दिला नाही. सरांना सलाम करून गेले. गठ्ठ्यावरची शमीमची जागा मोकळी होती.

सगळे गेल्यावर मी सरांकडे गेले आणि सांगितलं. रडत रडत, तुटक तुटक, पण सांगितलं, की मी मुद्दाम मारलं होतं. सर अंगणाच्या कट्ट्यावर बसले होते. ते म्हणाले, "माहीत होतं मला. आवाजावरूनच कळलं होतं." "मग तुम्ही बोलला का नाहीत?" असं मी विचारलं, आणि विचारताना सगळा दोष त्यांच्यावर ढकलता आला तर बरं असंही मनात होतं. सरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मला वाटलं तू बोलशील. आपणहून बोललीस तर जन्मभर पुरेल तुला, असं वाटलं. तिनं बोटं हलवून दाखवली, मी ते मानलं. मला त्या वेळी तिच्या हातापेक्षा तुझ्या तोंडाकडे बघायचं होतं." मग म्हणाले, "तुला शिकवायच्या नादात मी त्या पोरीचा हात घालवला." मी म्हटलं, नाही सर, मी. ते म्हणाले, "तू पंधरा वर्षांची आहेस. मी पंचावन्नचा."

दुसऱ्या दिवशी अंगणाला कुलूप होतं. सरांनी क्लास बंद केला तो केलाच. मुलांचे आईबाप घरी जाऊन विनवून आले, काही उपयोग झाला नाही. पुढे चार-पाच वर्षांनी ते गेले तेव्हा मी कॉलेजात होते. त्याआधी मी त्यांना भेटायला दोनदा गेले होते. दोन्ही वेळा त्यांनी चहा दिला, अभ्यासाचं विचारलं. काठीचा विषय काढला नाही. आता त्या धर्मशाळेच्या जागी काचेच्या दर्शनी भिंतीचं हॉटेल आहे आणि समोर ई-रिक्षांची गर्दी. मी तिथून जाते तेव्हा अंगण नेमकं कुठं होतं ते मनाशी लावून बघते, पण जमत नाही.

सरांना सांगितल्यावर चौथ्या दिवशी मी भैरवगढला गेले. आईला शमीमचा अभ्यास घ्यायचाय असं सांगितलं. टांग्यानं गेले, शेवटचा तुकडा चालत. एप्रिल महिन्याचं ऊन होतं. शमीम अंगणातल्या चुलाण्याजवळ होती. कापडावरचं मेण उकळत्या पाण्यात सोडवायचं काम आता तिच्याकडे दिलं होतं. डाव्या हातात लाकडी दांडा, त्यानं ती मोठ्या भांड्यातलं कापड खालीवर करत होती. उजवा हात ओढणीत. आत ओसरीवर तिची धाकटी बहीण कलम घेऊन बसली होती आणि आजोबा तिला काहीतरी ओरडून सांगत होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं, "मैंने जान-बूझकर मारा था." शमीमनं कापड ढवळणं थांबवलं नाही. "मालूम है," ती म्हणाली. "मैं सामने ही तो खड़ी थी."

"तो झूठ क्यों बोली?"

"तू निकाली जाती क्लास से." तिनं दांड्यानं कापड उचललं, बघितलं, परत सोडलं. "मुझे लगा आठ दिन में ठीक हो जाएगा. फिर किसके साथ खेलती मैं?"

मी रडायला लागले. ती रडली नाही. तिनं कापड बाहेर काढून गार पाण्याच्या हौदात टाकलं आणि मला म्हणाली, एक सिरा पकड. ते पिळायला दोन माणसं लागतात. मी एक टोक धरलं, तिनं दुसरं टोक डाव्या हाताला गुंडाळून कोपरात दाबलं. मी एका बाजूला पिळत गेले, ती अंग वळवून दुसऱ्या बाजूला. पाणी आमच्या पायांवर पडत होतं. मला वाटलं, हे कापड पिळून होईपर्यंत ती काहीतरी म्हणेल, शिवी देईल, किंवा जाऊ दे म्हणेल. कापड दोरीवर टाकून झाल्यावर ती म्हणाली, "एक बात बोलूँ? मारा, वो मैं भूल जाती. पर तू मेरे घर आई, तेरी अम्मा ने खिचड़ी खिलाई, तू कटोरी पकड़ के बैठी. तब भी नहीं बोली. तब बोल देती तो हाथ बच जाता." मग तिनं ओढणी सारखी केली. "अब घर जा. और इधर मत आना, मंजू. अम्मी को मैंने कुछ नहीं बताया है. तू दिखेगी तो मुझसे छुपेगा नहीं."

तिच्या अम्मीनं आतून विचारलं, कोण आलंय. शमीम म्हणाली, "कोई नहीं, स्कूल का काम था." अम्मी दारात येईपर्यंत मी गल्लीच्या बाहेर पडले होते. शमीमनं त्या वर्षी शाळा सोडली. दोन वर्षांनी तिचं लग्न होऊन ती राजस्थानच्या बाजूला गेली असं कानावर आलं. कुणी म्हणालं तिला मुलगी झाली, कुणी म्हणालं दोन मुलगे. बहिणीच्या हातचं काम मात्र नावाजलं गेलं, दुकानांतून मी ते पाहिलं आहे. माझं लग्न उज्जैनातच झालं, नोकरीही इथंच, शाळेत. तीस वर्षं मी मुलींना शिकवलं, आणि वर्गात काही मोडलं, हरवलं, की कुणी केलं ते विचारून मी गप्प उभी राहत नसे. आधी मुलीचं काय दुखलंय ते बघायचे. एवढी एक गोष्ट मी त्यातून घेतली म्हणता येईल. पण ती शमीमच्या कामाची नव्हती.

भैरवगढ माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. शमीम अधूनमधून माहेरी येत असणारच, ईदला, भावाबहिणींच्या लग्नांना. मी त्यानंतर एकदाही तिकडे गेले नाही. तिनं येऊ नको सांगितलं होतं म्हणून गेले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आता साठी उलटल्यावर तेवढंही खोटं कशाला ठेवायचं. तिनं नको म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं.